टाकीखालची प्रयोगशाळा

पावसाचा पहिला जोर ओसरला की गावोगावच्या नळाच्या पाण्याला एक ओळखीचा वास येतो. ‘आज पावडर जास्त पडली’ असे म्हणत कोणी पहिला हंडा अंगणात रिकामा करते आणि जुन्या विहिरीची वाट धरते. त्याच घरातली मुलगी त्याच सकाळी शाळेत क्लोरीनची संज्ञा आणि अणुक्रमांक घोकत असते. हंड्यातला क्लोरीन आणि वहीतला क्लोरीन एकच, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना मोहाडी हे तालुक्याचे गाव लागते. तालुक्यातून वैनगंगा वाहते, शिवारात धानाच्या बांध्या आहेत आणि जिल्ह्याची ओळखच मुळी तलावांची. आज ज्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात ते बांधणाऱ्या कोहळ्यांना उतार, पाळीची जाडी आणि सांडव्याची उंची यांचे गणित तोंडपाठ होते. त्यांना कोणी शाळेचा दाखला विचारला नव्हता. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. पुढे नळयोजना आल्या, हापशी आल्या. सोय झाली, यात शंका नाही. पण पाण्याचे गणित मात्र पाळीवरून उठून कचेरीत जाऊन बसले. ते पुन्हा गावात आणायचे असेल, तर सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे शाळा.

गावची पाण्याची टाकी ही एक चालती प्रयोगशाळाच असते. साधा ब्लीचिंग पावडरचाच हिशेब पाहा. टाकी ५० हजार लिटरची आहे आणि लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा आहे, असे धरू. म्हणजे १०० ग्रॅम क्लोरीन लागला. ताज्या, चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. म्हणजे पावडर ३०० ग्रॅम. पण पोते उघडे राहिले, दमट हवेत पडून राहिले आणि क्लोरीन २० टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच कामाला ५०० ग्रॅम पावडर हवी. जुन्या पोत्यातून सवयीने ३०० ग्रॅमच टाकली, तर पाणी पांढरे झालेले दिसते, पण त्याचे रक्षण होत नाही. हे त्रैराशिक सातवी-आठवीच्या मुलाला सहज सुटते. ते फळ्यावर कधी येतच नाही, एवढेच.

पुढचा प्रयोग नळाच्या तोंडाशी. जलसुरक्षक ज्याला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात, तिच्यात नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते. जितका क्लोरीन अधिक, तितका पिवळा रंग गडद. हे रसायन हाताळायला घातक असल्याने मुलांच्या हाती डीपीडीची गुलाबी रंग देणारी चाचणी द्यावी, हे बरे. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. टाकीखाली तो पुरेसा असतो आणि शेवटच्या मोहल्ल्यात नाहीसा होतो. का? वाटेत तो घाणीशी झुंजून खर्च झालेला असतो. नळ तासभर येऊन बंद झाला की नळवाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या नालीचे पाणी आत ओढले जाते. वर्गातल्या मुलांनी आपापल्या घरचा नमुना आणून गावच्या नकाशावर रंग भरले, तर गळती कुठे आहे ते त्या नकाशावरच दिसू लागेल.

जंतूंचीही परीक्षा अशीच डोळ्यांना दिसते. हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीत नमुना भरून एक-दोन दिवस ठेवला आणि पाणी काळे पडले, तर विष्ठेची बाधा झाल्याचा संशय घ्यावा. ही सोपी पद्धत १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच जगापुढे मांडली. लोखंड ओळखायला तर हिरड्याची पूडही चालते. लोहयुक्त पाण्यात ती निळसर काळी पडते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ही आईची रोजची तक्रार म्हणजे पाण्याच्या कठीणपणाचा धडाच. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत दातांवर डाग पाडणारे फ्लोराइड तुरटी आणि चुन्याने कमी करण्याची ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्याच ‘नीरी’ने शोधली. विज्ञान दूरच्या कुठल्या देशात घडते, हा मुलांचा समज मोडायला एवढी उदाहरणे पुरेत.

सरकारी कागदावर या गोष्टींना वाव नाही, असे मुळीच नाही. २००६ साली ग्रामीण पाणी तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, तेव्हापासून गावपातळीवर तपासणी पेट्या देण्याचे धोरण आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावागणिक पाच महिलांना या पेटीचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा सामान्य लोकांनाही खुल्या केल्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा तर वर्षातून चार वेळा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. १९९३ पासून भरणाऱ्या बालविज्ञान परिषदेत आसपासच्या प्रश्नांवर प्रकल्प करायचे असतात. म्हणजे पेटी आहे, प्रयोगशाळा आहे, परिषदही आहे. राहिली आहे ती टाकीपासून शाळेपर्यंतची वाट.

ती वाट का पडत नाही? जलदिनी, २२ मार्चला, फेरी निघते, घोषणा होतात, चित्रकलेची बक्षिसे वाटली जातात. ते करायला कोणाचीच हरकत नसते, कारण घोषणेत आकडा नसतो. मुलांच्या हाती पेटी दिली की मात्र आकडा येतो. ‘आमच्या गल्लीत क्लोरीन शून्य’ असे सातवीतला मुलगा ग्रामसभेत म्हणाला, तर उत्तर द्यावे लागते. खरी मदत पेटी देण्यात नाही. पेटीने दाखवलेला आकडा ऐकून घेण्यात आहे. शाळेला पाणी विभागाचे पाठबळ म्हणतात ते हेच. मुलांचा आकडा चुकला तर विभागाच्या रसायनज्ञाने शाळेत येऊन चूक दाखवावी. बरोबर असला तर दुसऱ्या दिवशी फुटका सांधा खोदावा. दोन्ही प्रसंगी मुले विज्ञानच शिकतील.

यात विभागाचेही हित आहे. आज वासामुळे पाणी फेकणाऱ्या घराला कोणताही फलक पटवू शकत नाही. घरची मुलगी पटवू शकते. ‘आई, हा वास आहे म्हणजे पाण्यात औषध शिल्लक आहे. हंडा थोडा वेळ ठेव, वास उडेल,’ असे ती सांगेल, आणि ते स्वतः पाहून सांगेल. विहिरीकडे निघालेली पावले त्या दिवशी उंबऱ्यातच थांबतील. पावसाळ्यात हगवणीची साथ येते तेव्हा एवढ्याशा थांबण्याने एखाद्या घरचे तान्हे मूल वाचते.

फार काही मागणे नाही. महिन्यातून एक शनिवार, टाकीखाली एक वर्ग, सोबत जलसुरक्षक आणि विज्ञानाचे गुरुजी. शाळेच्या दर्शनी भिंतीवर सुविचाराच्या फळ्याशेजारी आणखी एक फळा असावा. त्यावर आजची तारीख, नमुना कुठला आणि क्लोरीन किती, एवढेच लिहावे. तलावाच्या पाळीवर उभे राहून पाण्याचा हिशेब मांडणाऱ्यांच्या गावात हा फळा परका वाटण्याचे कारण नाही.