हाडाचा ओव्हरटाइम

यंत्राचा दांडा मोडतो तो पुष्कळदा एका घावाने नव्हे. रोजच्या फेऱ्यांनी त्यात केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एके दिवशी दांडा दुभंगतो. आम्ही डॉक्टर नव्हे, कामगारांत वावरलेली माणसे; पण धावणाऱ्या मुलांच्या पावलात पडणारी चीर आम्हाला याच दाखल्याने उमगली. फरक इतकाच की हाड जिवंत असते. झालेली झीज ते स्वतः भरून काढते, मात्र त्यास उसंत हवी. ती न दिली तर लोखंडाचीच गत.

प्रशियाच्या ब्राइटहाउप्ट या लष्करी डॉक्टराने १८५५ साली कूच करून सुजलेल्या शिपायांच्या पावलांचे वर्णन केले. आत हाड चिरते हे १८९७ साली क्ष-किरणांनी दाखविले.

आमच्या वस्तीत ही पावले पोलीस भरतीच्या उमेदवारांची. जाहिरात निघाली की काल बसून असलेला पोरगा आज डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर धावू लागतो! आमच्या एका सभासदाच्या मुलीचे पाऊल असेच दुखू लागले. फोटो स्वच्छ आला. शिकविणाऱ्याने तिला कामचुकार ठरविले. वास्तविक पहिले दोन-तीन आठवडे साध्या फोटोत ही चीर बहुधा दिसतच नाही. एम.आर.आय. मध्ये ती लवकर दिसते, पण त्याचा खर्च कोणी करावा? म्हणून बोटाची परीक्षा आधी. धावताना वाढणारे, बसल्यावर ओसरणारे दुखणे, आणि दाबल्यास एकाच बिंदूवर कळ, बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या बोटामागच्या लांब हाडावर, एवढ्यावरून धावणे बंद करून डॉक्टर गाठावा. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे म्हणजे धोक्याची घंटा बांधून ठेवणे.

या लांब हाडांना बहुधा सहा ते आठ आठवडे विश्रांती व कडक तळाचा बूट पुरतो. मात्र पायाच्या कमानीवरचे नावेच्या आकाराचे हाड आणि करंगळीमागच्या हाडाचे बूड यांना रक्तपुरवठा तोकडा. तेथे प्लास्टर घालून पाऊल मुळीच टेकू द्यायचे नाही. कधी स्क्रूही बसवावा लागतो. मुलीची पाळी थांबली असेल तर तेही डॉक्टरांस सांगावे. अपुऱ्या अन्नावर फार श्रम झाल्याची ती खूण असू शकते, आणि तसे हाड लवकर चिरते.

सहा आठवडे बस म्हणणे सोपे आहे. भरतीची तारीख कोणासाठी थांबत नाही. त्या मुलीची ती भरती हुकली. दुसऱ्या फोटोत चिरेभोवती नवे हाड धरलेले दिसले, तेव्हा बापाने तो फोटो त्या शिकविणाऱ्यास नेऊन दाखविला. मुलगी आधी चालू लागली, मग एक दिवसाआड थोडे धावू लागली.