जुन्या जीपचा रेडिएटर बदलण्यापूर्वी

उन्हाळा सुरू झाला की घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या दिसू लागतात. पाणी उकळलेले असते, प्रवासी रस्त्याकडेला बसलेले असतात आणि चालकाचे दिवसाचे भाडे बुडालेले असते. गाडी गॅरेजवर येते व चालक म्हणतो, "मिस्त्री, नवा रेडिएटर टाका." आपले अनेक बांधव याच धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी आणि गाडीमालकांसाठीही काही उपयुक्त गोष्टी येथे देत आहोत.

गाडी तापते म्हणजे रेडिएटरच गेला असे नव्हे. पंख्याचा पट्टा सैल असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, झाकणाची स्प्रिंग मेली असेल किंवा हेड गॅस्केट गेले असेल, तरी पाणी उकळते. जुन्या जीपमध्ये पंख्याभोवतीचे पत्र्याचे आवरणही पुष्कळदा गायब असते. ते नसेल तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी इंजिनाजवळची गरम हवाच फिरवीत राहतो. अशा गाडीला चार ओळींची जाड जाळी बसवली तरी ती घाटात तापणारच. म्हणून आधी दोष शोधावा, मग खर्च सांगावा.

रेडिएटरच बदलायचा ठरला, तर केवळ मॉडेलचे नाव सांगून माल मागवू नये. महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या सुरुवातीच्या विलीज जीप पेट्रोलवर चालत. पुढे डिझेल गाड्या आल्या आणि कित्येक मालकांनी जुन्या गाडीतही डिझेल इंजिन घातले. सबब जाळीची उंची, रुंदी व जाडी, वरच्या-खालच्या नळीची बाजू व व्यास, बोल्टची भोके आणि पंख्यापर्यंतचे अंतर मोजूनच खरेदी करावी.

तांबे-पितळ की ॲल्युमिनियम, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ॲल्युमिनियम वजनाला हलके असते व त्याच्या रुंद नळ्यांमुळे दोन ओळींतही चांगले काम होते. मात्र त्याला साधा डाग बसत नाही, आणि प्लास्टिकची टाकी तडकली तर आडगावात इलाज नाही. तांबे-पितळेचा रेडिएटर जड व महाग खरा, पण तालुक्याच्या गावातही त्याला डाग देता येतो. खडबडीत रस्त्यावर, शेतावर चालणाऱ्या गाडीला आम्ही तोच सुचवू. कोणताही घ्या, खालचे रबरी बुश नवे टाका. हादऱ्याने जोड लवकर सुटतात.

जुन्या टाक्या व चौकट शाबूत असतील तर फक्त नवी जाळी भरून घेणे हाही उत्तम मार्ग आहे. मापे जुळतात आणि कारागिराच्या हाताला काम मिळते. काम झाल्यावर हवा भरून, हौदात बुडवून बुडबुडे येतात का ते गिऱ्हाइकासमोर दाखवावे. शिशाचा डाग देताना खोली हवेशीर ठेवावी, मुलांना दूर ठेवावे आणि हात धुतल्याशिवाय जेवू नये. शिसे शरीरात साठत जाते.

झाकणाबाबत एक चूक सर्रास होते. 7 पौंडाच्या झाकणाने पाणी सुमारे 111 अंशांवर उकळते, 15 पौंडाच्या झाकणाने सुमारे 121 अंशांवर. म्हणून काहीजण जुन्या रेडिएटरला जास्त दाबाचे झाकण लावतात आणि त्याचे जोड फोडून घेतात. मूळ दाबाचेच झाकण वापरावे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्या बुजतात, तेव्हा शुद्ध केलेले पाणी आणि त्या धातूला चालणारे कुलंट भरावे.

कधी फक्त पट्टा आवळून गाडी बरी होते. अशा वेळी तेवढीच मजुरी घेऊन गिऱ्हाइकाला खरे सांगावे. त्या दिवशी कमाई कमी होईल, पण पुढे जाळी भरायची वेळ आली की तो आपलेच दुकान शोधत येईल.