जिवतीचे रस्ते आणि अनुदानाचा हिशेब

रस्ता खराब असला की त्याचा कर सर्वांत आधी व्यापाऱ्याला भरावा लागतो, आणि या कराची पावती कोणीही देत नाही. मालगाडीचे भाडे वाढते, टायर फाटतात, बांगड्या व कपबशा खोक्यातच फुटतात, टोमॅटो पेटीत दबतात. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईकच पोहोचत नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या पहाडावर वसलेल्या जिवती तालुक्यात धंदा करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. परंतु रस्त्यासाठी पैसा कोठून येतो, तो कोणत्या अटींवर येतो आणि त्यात दुकानदाराचा व कारागिराचा काय संबंध, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. त्यासाठीच आजचा हा लेख.

पहाडावरचे गाव

राजुऱ्याचा हा सारा मुलूख एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. गोंड व कोलाम हे येथील मूळ रहिवासी. पुढे मराठवाड्यातून, विशेषतः १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, अनेक कुटुंबे पोट भरण्यासाठी पहाडावर आली. कापूस, ज्वारी, तूर पिकू लागली. पीक आले तेथे बाजार आला. बाजारामागे किराणावाला, शिंपी, बांगडीवाला, गादी पिंजणारा, सायकल व मोटारसायकल दुरुस्त करणारा, वेल्डिंगवाला असे सारे आले. यात आमचे बंधूही आहेत.

आज जिवती हे तालुक्याचे ठिकाण असून तेथे नगरपंचायत आहे. गावाचे शहर होऊ घातले असेल तेथे नगरपंचायत असावी, ही तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीने केली व ती १ जून १९९३ पासून अमलात आली. पाटी बदलली म्हणून गटारे व रस्ते आपोआप होत नाहीत. त्यासाठी पैसा लागतो, आणि पहाडावरच्या लहान नगरपंचायतीकडे स्वतःचा पैसा अगदी थोडा असतो.

स्वतःचे उत्पन्न का नाही?

याचे उत्तर व्यापाऱ्यांनी विसरू नये, कारण ते आपल्याच एका जुन्या मागणीशी जोडलेले आहे. पूर्वी नगरपालिकांचे मुख्य उत्पन्न म्हणजे जकात. नाक्यावर गाडी थांबवणे, मालाची मोजणी, पावतीसाठी ताटकळणे, वरून चहापाण्याची मागणी, या साऱ्याला व्यापारी कंटाळले होते. १९९९ मध्ये महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात बंद झाली. त्या बदल्यात शासनाने अनुदान देण्यास सुरुवात केली. महानगरपालिकांचेही पुढे तसेच झाले. आधी स्थानिक संस्था कर आला, मग तो गेला आणि २०१७ पासून जीएसटी आला.

जकात गेली हे बरेच झाले, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की, लहान शहर आपल्या खर्चासाठी मुंबई व दिल्लीच्या तोंडाकडे पाहू लागले. हाती राहिली ती घरपट्टी, पाणीपट्टी आणि बाजार फी. एवढ्यावर नोकरांचा पगार व दिवाबत्ती भागली तरी पुष्कळ. म्हणून रस्ता करायचा म्हणजे अनुदान मागणे आलेच.

पैसा कोणत्या वाटेने येतो?

पहिली वाट केंद्रीय वित्त आयोगाची. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना जे अनुदान ठरवले, त्यातील ६० टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतूनच रस्त्यासारखी कामे करता येत होती. शिवाय अटी होत्या. नगरपंचायतीने हिशेब तपासून तो लोकांसमोर ठेवावा, मालमत्ता कराचे किमान दर ठरलेले असावेत व कराची वसुली वाढती असावी. लोकांनी निवडलेले सभागृह असावे, हीही एक अट होती. निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्यामुळे राज्यातील कितीतरी शहरांचा निधी अडकून पडला. जिवतीत १७ प्रभागांसाठी निवडणूक २०२१ च्या डिसेंबरात व २०२२ च्या जानेवारीत पार पडली.

दुसरी वाट राज्य शासनाची. नगरोत्थान महाभियान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे अनुदान, नागरी दलित वस्ती सुधार योजना ही नावे नगरपंचायतीच्या कागदांत नेहमी दिसतात. यांपैकी काही योजनांत नगरपंचायतीला आपला हिस्सा घालावा लागतो. हिस्सा थोडा असतो, परंतु तिजोरीच रिकामी असेल तर थोडाही जड जातो.

तिसरी वाट चंद्रपूर जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. ती म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. हा जिल्हा कोळशाचा व चुनखडीचा. पहाडाच्या पायथ्याशी गडचांदूर व आसपास सिमेंटचे मोठे कारखाने उभे आहेत, आणि त्यांना लागणारा चुनखडीचा दगड याच भागातील जमिनीतून निघतो. २०१५ च्या कायद्याने असे ठरले की, खाणवाल्याने सरकारला स्वामित्वधनाव्यतिरिक्त आणखी रक्कम या प्रतिष्ठानात भरावी. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, त्यानंतर लिलावाने दिलेल्यांसाठी १० टक्के. हा पैसा खाणींमुळे ज्यांचे जीवन विस्कटले त्यांच्यासाठी आहे. २०२४ च्या नव्या नियमांनुसार त्यातील किमान ७० टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांना द्यायची आहे आणि रस्ते-पूल उरलेल्या भागात येतात. तेव्हा रस्त्याची मागणी करताना ‘मालाच्या जड गाड्यांनी रस्ता फुटला, धुळीने दुकाने व दमेकरी हैराण झाले’ हे फोटो व तारखांसह मांडावे लागते. नुसते ‘रस्ता हवा’ म्हणून अर्ज दिला तर तो ढिगाऱ्यात जातो.

गुड्यांचे रस्ते आणि जंगलाची अडचण

जिवतीचा बाजार जिवतीच्या लोकांवर चालत नाही. तो आसपासच्या गुड्यांवर व तांड्यांवर चालतो. म्हणून चौकातला सिमेंट रस्ता चकचकीत झाला आणि गुड्याची वाट चिखलातच राहिली, तर आपल्या गल्ल्यात एक रुपयाही जास्त पडणार नाही.

या वाटांसाठी नगरपंचायत नव्हे, तर ग्रामपंचायत, जिल्हा परिषद व ग्रामीण रस्त्यांच्या योजना आहेत. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशात ५०० लोकवस्ती आणि डोंगराळ व अनुसूचित भागांत २५० लोकवस्ती, अशी तिची मर्यादा. पहाडावर कोलामांचे कित्येक गुडे यापेक्षाही लहान आहेत. त्यामुळे कायदेशीरपणेच ते वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अतिमागास आदिम जमातींसाठी जी जनमन योजना आली, तिने रस्त्याची मर्यादा १०० लोकवस्तीवर आणली. महाराष्ट्रात या जमाती तीन आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. म्हणजे जिवतीच्या कोलाम गुड्यांना प्रथमच दार उघडे झाले आहे.

अडचण दुसरीही आहे. पहाडावरची बरीच जमीन कागदोपत्री वनजमीन. निधी मंजूर होतो आणि वनखात्याच्या परवानगीअभावी काम थांबते. येथे २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(२) उपयोगी पडते. त्यानुसार रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येक कामी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते. अट अशी की, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. पाच मीटर रुंदीचा पट्टा धरला तर एका हेक्टरात दोन किलोमीटर रस्ता बसतो. कित्येक गुड्यांना एवढे पुरेसे आहे. लागतो तो फक्त ग्रामसभेचा ठराव.

रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो

रस्ता झाला की धंदा वाढलाच, असे मानणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट सांगू इच्छितो. सॅम अ‍ॅशर व पॉल नोव्होसाद या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ग्राम सडक योजनेतील रस्त्यांचा अभ्यास करून २०२० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की, रस्ता आल्यावर वाहने वाढली, शेतीवरचे मजूर बाहेर कामाला जाऊ लागले, परंतु काही वर्षांनंतरही शेतीच्या उत्पन्नात किंवा घरच्या मिळकतीत मोठा फरक पडला नाही. गावातील दुकाने व उद्योगही थोडेच वाढले.

याचा अर्थ रस्ता नको असा नव्हे. आजारी माणूस वेळेत दवाखान्यात पोहोचतो, मुले शाळेत जातात, याची किंमत पैशात होत नाही. परंतु व्यापाऱ्याने हे ओळखावे की, ज्या रस्त्याने माल येतो त्याच रस्त्याने गिऱ्हाईक गडचांदूरला व राजुऱ्यालाही जाते. सीमेवरची १४ गावे तर दोन राज्यांच्या मतदार याद्यांत आहेत. महाराष्ट्र व तेलंगणा दोघेही तेथे सोयी देतात. ज्या राज्याचा रस्ता आधी नीट होईल, त्या बाजूच्या बाजारपेठेकडे ही गावे वळणार हे उघड आहे. म्हणून दुकानदाराने मालाचा दर, उधारीची रीत व वागणूक सुधारावी. शिंप्याने व मिस्त्रीने बाहेरच्या तयार मालाशी टक्कर कशी द्यायची, याचा विचार रस्ता होण्यापूर्वीच करावा. दुरुस्तीची कामे मात्र वाढतात. वाहने वाढली की पंक्चरवाला, गॅरेजवाला, वेल्डर यांना काम मिळते. आपल्या तरुणांनी तिकडे लक्ष द्यावे.

काम सुरू होते तेव्हा

निधी आला, भूमिपूजन झाले, फोटो निघाले, की आपण निश्चिंत होतो. खरे नुकसान याच वेळी होते. जुना थर न खोदता त्यावरच नवे काँक्रीट ओतले तर रस्ता दुकानाच्या जोत्यापेक्षा उंच होतो आणि पहिल्याच पावसाचे पाणी धान्याच्या पोत्यांत शिरते. नाली रस्त्याआधी बांधली नाही तर नव्या रस्त्याची कड पुढच्या वर्षी ढासळते. पाण्याची पाइपलाइन आधी टाकली नाही तर सहा महिन्यांत तोच रस्ता पुन्हा फोडतात. गट्टू बसवताना खाली नीट दबाई केली नाही तर हातगाडीचे चाक तेथेच अडकते.

हातगाडीवाले व बाजारात पाल टाकणारे यांच्यावर तर संकटच येते. रुंदीकरणाच्या नावाखाली त्यांना एका दिवसात उठवले जाते. त्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा ध्यानात ठेवावा. तो नगरपंचायतीलाही लागू आहे. सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला हटवता येत नाही, आणि हटवायचे झाले तरी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडलेले असतात व त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रेता म्हणून नोंद झाली की २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी कर्जालाही ती उपयोगी पडते. २०२५ मध्ये या कर्जाचा पहिला हप्ता १० हजारांवरून १५ हजार रुपये करण्यात आला.

व्यापारी व कारागीर बंधूंनी काय करावे?

१. घरपट्टी व दुकानपट्टी वेळेवर भरावी व पावती जपून ठेवावी. वसुली चांगली असली की नगरपंचायतीला अनुदान मागण्याचे तोंड राहते, आणि पावती असली की आपल्याला जाब विचारण्याचे.

२. एकट्याने अर्ज देऊ नये. किराणावाले, बागवान, शिंपी, गॅरेजवाले, आदिवासी व बंजारा बांधव, सर्व धर्मांचे व्यापारी यांनी मिळून एकच निवेदन द्यावे. रस्ता कोणा एका समाजाचा नसतो, आणि फुटून मागणी केली तर अधिकारी सर्वांनाच परत पाठवतात.

३. निवेदनात कोणता रस्ता, कोठून कोठपर्यंत, लांबी किती, पावसाळ्यात किती दिवस बंद, बाजाराच्या दिवशी किती गाड्या, हे मोजून लिहावे. एक वही ठेवली तर हे काम कोणीही करू शकतो.

४. काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रकाची प्रत माहितीच्या अधिकारात मागावी. दहा रुपयांचा स्टँप लावला की अर्ज होतो. नालीची बाजू, रस्त्याची उंची व थराची जाडी त्यात लिहिलेली असते.

५. रस्ता फुटला तर तो कोणी दुरुस्त करायचा ते पाहावे. ग्राम सडक योजनेच्या रस्त्याची देखभाल पाच वर्षे कंत्राटदारावरच असते. इतर कामांतही करारात अशी मुदत लिहिलेली असते. मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी, नंतर दिलेली तक्रार वाया जाते.

६. आपल्या मिस्त्री, सेंट्रिंग व वेल्डिंगवाल्यांनी मजूर सहकारी संस्थांची माहिती घ्यावी. शासनाच्या लहान कामांत अशा संस्थांसाठी वाटा राखलेला असतो. आपल्याच गावचा रस्ता आपल्याच हातांनी झाला तर मजुरीही गावात राहते.

अनुदान म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. दुकानात विकलेल्या प्रत्येक साबणावर व कापडावर जो कर जातो, त्याचाच काही अंश फिरून परत येतो. तो आपल्या दारापर्यंत पोहोचतो की वाटेतच जिरतो, हे आपण किती जागे आहोत यावर ठरते. जिवतीच्या पहाडावर पाऊस भरपूर पडतो. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी निदान निवेदनाचा कागद तरी तयार व्हावा, एवढीच आमची आपल्या बंधूंना विनंती आहे.