आधी ब्रेक, मग वेग!

मित्रांनो, 1994 साली मी नववीत होतो. एका दुपारी बाबा झोपलेले पाहून त्यांची लूना हळूच बाहेर काढली. पेडल मारलं, मूठ पिळली आणि गाडी सुसाट! वळणावर एक छोटी मुलगी आडवी आली. ब्रेक दाबेपर्यंत मी कुंपणात! ती थोडक्यात वाचली. माझे मात्र हातपाय लटपटत होते.

बाबा एवढंच म्हणाले, "पळवणं सोपं रे, थांबवणं शिक."

सोळा पूर्ण झाल्यावर शिकाऊ लायसन्स निघालं. मैदानावर पहिला धडा ब्रेकचाच!

50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीला 16, इतर गाड्यांना किमान 18 वर्षं पूर्ण हवीत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलांच्या अशा गुन्ह्याबद्दल पालकांना तुरुंगवासही होऊ शकतो. तेव्हा दोस्तांनो, घाई कशाला?