मोजणीत न आलेले घर

नया बाजारात वाढलेल्या आपल्या मुलांना किल्ला, तानसेनची समाधी, महाराजबाडा सगळे ठाऊक असते. पण मुरारला केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय आहे, हे किती जणांना माहीत असेल? १९६० मध्ये ते सिमल्याहून ग्वाल्हेरला आले. नीमच, मंदसौर, रतलामकडच्या शेतकऱ्यांना अफूच्या लागवडीचा परवाना हेच खाते देते. शेत मोजले जाते, चीक तोलला जातो आणि तो सरकारच विकत घेते.

शेतातल्या अफूचा हिशेब असा चोख ठेवता येतो. घरात शिरलेल्या व्यसनाचा हिशेब मात्र कोण ठेवणार? आणि तो ठेवायचा तरी कशासाठी?

कारण नशा बदलत असते. २००४ च्या राष्ट्रीय पाहणीत अफू घेणारे हेरॉईन घेणाऱ्यांपेक्षा जास्त होते. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला, तेव्हा क्रम उलटला होता: हेरॉईन १.१४ टक्के, वेदनाशामक गोळ्या आणि सिरपसारखी औषधे ०.९६ टक्के, अफू ०.५२ टक्के. आणखी एक आकडा आईवडिलांनी लक्षात ठेवावा असा आहे. सोल्युशन, व्हाइटनर यांसारख्या हुंगायच्या पदार्थांचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के निघाले. मुले मोठ्यांच्या पुढे गेलेली ही एकच नशा. मोजलेच नसते, तर आपण अजून अफूचीच काळजी करत बसलो असतो.

मोजणी सोपी नाही. दार वाजवून "तुमच्याकडे कोणी हेरॉईन घेते का?" असे विचारले तर खरे उत्तर कोण देईल? म्हणून दोन लाख घरांत फिरूनही तज्ज्ञ तेवढ्यावर थांबले नाहीत. नशा करणाऱ्या काही जणांना भेटून त्यांच्याकडे कुपने दिली गेली. त्यांनी ती ओळखीतल्या तशाच माणसांना द्यायची, त्यांनी पुढच्यांना. अशा साखळीतून १३५ जिल्ह्यांतले ७२,६४२ जण बोलते झाले. युरोपात तर शहरांच्या सांडपाण्यातले अंश तपासून कोणती नशा वाढते आहे ते पाहतात. २००४ च्या घरोघरच्या पाहणीत फक्त पुरुषांनाच विचारले होते. बायका त्या हिशेबात आल्याच नाहीत.

तिसरी खूण असते उपचार केंद्रांच्या नोंदवहीत. कोण आले, किती वयाचे, काय घेत होते, यावरून गावात नवीन काय शिरले ते लवकर कळते. पण त्यासाठी माणूस केंद्रापर्यंत पोहोचायला हवा. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळाला होता, असे २०१९ चा अहवाल सांगतो. उरलेले ३७ घरीच राहिले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची घरेही गप्प राहिली.

या गप्प राहण्याची आपल्या मराठी घरांना सवय आहे. "चार लोकांत कळले तर?" हा प्रश्न उपचाराच्या आधी उभा राहतो. पुण्यात गर्द पसरली तेव्हा अनिल अवचटांनी अशाच घरांत जाऊन ऐकले आणि लिहिले. त्यातूनच १९८६ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने डॉ. अनिता अवचटांनी 'मुक्तांगण' उभे केले. आधी कोणीतरी बोलले, म्हणून पुढे काही झाले.

पोलिसांची भीतीही मनात असते. पण आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, प्रकरण स्वतःच्या सेवनाचे किंवा अल्प प्रमाणाचे असेल तर, एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते.

तेव्हा तरुण मित्रांनो, वर्गातला एखादा मित्र, घरातला दादा किंवा काका बदललेला दिसला, तर कुजबुजू नका. घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या किंवा १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा; दोन्ही निःशुल्क आहेत. आपल्या शहरात मानसिक आरोग्यशाळा आहे, जयारोग्य रुग्णालय आहे.

नोंदवहीत एक ओळ वाढली म्हणून घराण्याची अब्रू जात नाही. ती ओळ लिहिली गेली, तर एका माणसावर उपचार सुरू होतात, आणि पुढच्या घराला वेळीच सावध करता येते.