बेंबी हलत नाही, वण थांबत नाही

टमी टक झालेल्या पोटावर सगळ्यात नवलाची गोष्ट कुठली असेल, तर बेंबी. बरगड्यांखालची कातडी खाली ओढलेली, ओटीपोटावरची लोंबती कातडी कापून टाकलेली, अख्खं पोट वरून खाली सरकलेलं. आणि बेंबी होती तिथेच! सर्जन तिच्याभोवती गोल काप घेतात, तिला आतल्या पडद्याला चिकटलेल्या तिच्या देठावर तशीच उभी ठेवतात आणि कातडी तिच्यावरून खाली ताणतात. मग बेंबी जिथे येते, नेमकी तिथे त्या ताणलेल्या कातडीला खिडकी पाडून तिला बाहेर काढतात. आज बेंबीला बिलगून असलेली कातडी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुठेतरी वर बरगड्यांकडे होती. खालच्या लांब टाक्याला टेकलेली कातडी बेंबीच्या जरा वर होती.

कातडीच्या आतही काम चाललेलं असतं. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधली पांढरी पट्टी ताणून रुंद होते. ही पट्टी स्नायू नाही. व्यायामाने स्नायू बळकट होतो, पण ताणलेली पट्टी पुन्हा आखूड होईलच असं नाही. म्हणून सर्जन ती बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दुमडून शिवून टाकतात.

एवढं सगळं होतं, तीन महिने जातात, बाई आरशासमोर उभी राहते आणि तोंड वाकडं करते. वण लालभडक आणि जाड. त्याच्यावर फुगवटा. कमरेच्या दोन्ही टोकांना कातडीची टोकं उभी राहिलेली. बेंबीखाली हात लावला तर काहीच कळत नाही. परत करून घ्यावं का? सर्जन बहुतेक वेळा म्हणतात, वर्षभर जाऊ द्या. ऐकणाऱ्याला ही चक्क टोलवाटोलवी वाटते. पण त्या वर्षात कातडीखाली काय चाललेलं असतं, ते कळलं तर आपण थक्क होऊ.

आधी रक्ताचं बघू. पोटाच्या कातडीला बेंबीच्या आसपास स्नायूंतून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पोसतात. कातडी उचलताना त्यांतल्या बऱ्याच कापल्या जातात. मग ही एवढी मोठी कातडी जगते कशी? बाजूंनी, बरगड्यांच्या मधून आणि कमरेकडून येणाऱ्या रक्तावर. ज्या बारीक जोडवाहिन्या आजवर नावापुरत्या होत्या, त्या काही दिवसांत रुंद होतात आणि नवा पुरवठा सांभाळतात. सगळ्यात लांब राहतो तो टाक्याच्या मधोमध वरचा भाग. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला सर्जन आधी ती सोडायला लावतात: निकोटिनने वाहिन्या आवळल्या, तर तो भाग उपाशी मरतो. पित्ताशयाच्या जुन्या ऑपरेशनचा बरगडीखालचा तिरका वण असला, तरी ते विचारात पडतात, कारण बाजूची एक वाट तिथे आधीच तुटलेली असते. दुसऱ्यांदा सुरी लावायची तर हा नवा रक्तपुरवठा स्थिरावलेला हवा.

फुगवट्याचं कारणही असंच. पोटाच्या कातडीतलं पाणी खाली जांघेकडे नेणाऱ्या लसिकेच्या नळ्या लांब कापाने तुटतात आणि ते वणाच्या वर अडतं. सकाळी पोट बरं दिसतं, संध्याकाळी सुजतं. नळ्यांच्या नव्या वाटा जुळायला महिने लागतात. आणि बधिरपणा? मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. १५ सेंटिमीटर जायचं तर हिशेब करा, पाच महिने! मधेच मुंग्या येतात, चमका येतात, एखादा ठिपका कायमचा बधिरही राहतो.

आता खुद्द वणाकडे या. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतो तो हाच भाग. पुरात बांध फुटला की लोक आधी हाताला लागेल ती पोती आणि माती टाकतात. पक्कं दगडी काम नंतर. शरीरही पहिल्यांदा घाईचं, बारीक, वेडंवाकडं कोलॅजन, म्हणजे कातडीला ताकद देणारे धागे, भरतं. साधारण तीन आठवड्यांत भरती संपते. पण तेव्हा वणाची ताकद मूळ कातडीच्या पाव भागाच्या आसपासच असते. मग सुरू होतं खरं काम: घाईचं कोलॅजन तोडायचं, त्या जागी जाड, ताणाच्या दिशेने नीट लावलेलं कोलॅजन घालायचं. माल फारसा वाढत नाही, रचना बदलते, आणि तीन महिन्यांत ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत जाते. शंभरावर ती कधीच पोहोचत नाही. तीन महिन्यांचा वण लाल दिसतो, कारण तिथे अजून कारागीर राबताहेत आणि त्यांना रक्त लागतं. काम ओसरलं की तो बसतो आणि फिका पडतो. सावळ्या कातडीवर करडी-तपकिरी छटा मात्र जास्त दिवस रेंगाळते.

आणि हे काम संपतं कधी? ऐका. १७४१ साली इंग्रज नौदल अधिकारी जॉर्ज ॲन्सन यांच्या ‘सेंच्युरियन’ जहाजावर स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, पसरला. जहाजावरच्या एका म्हाताऱ्या सैनिकाला १६९० मध्ये आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत जखमा झाल्या होत्या. पन्नासहून जास्त वर्षं भरलेल्या त्या जखमा पुन्हा उघडल्या! पक्कं कोलॅजन बनायला क जीवनसत्त्व लागतं. ते मिळेना म्हणून बांधणं थांबलं, मोडणं मात्र चालूच राहिलं. म्हणजे अर्ध्या शतकानंतरही तो वण रोज थोडा मोडत होता आणि रोज थोडा बांधला जात होता.

तेव्हा पुन्हा ऑपरेशन करायचं का, या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो: मला खटकतंय ते काळ स्वतःहून दुरुस्त करणार आहे का? सूज, लाली, बराचसा बधिरपणा, बारीक सुरकुत्या काळावर सोडाव्यात. कापाच्या रेषेतच जाड झालेला वणही बऱ्याचदा सिलिकॉनची पट्टी आणि वेळ यांनी बसतो. पण रेषेबाहेर पसरणारा केलॉइड वेगळा. तो नुसता कापून काढला तर बऱ्याचदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. त्याला इंजेक्शनांसारखी जोड द्यावी लागते.

काही गोष्टी वाट पाहून सुधारत नाहीत. उरलेली ढिली कातडी, एका बाजूला वर चढलेला वण, आतली शिवण सुटून पुन्हा फाकलेले स्नायू. किंवा वारंवार साचणारं पाणी: सुईने काढलं तरी भरत राहिलं, तर शरीर त्या पोकळीला चक्क गुळगुळीत अस्तर लावून घेतं, आणि मग ते अस्तरच काढावं लागतं. ताप, पसरत जाणारी लाली, पू, एकाच पायाच्या पोटरीला सूज किंवा धाप, यांत मात्र वर्ष नाही, एक दिवसही थांबायचं नाही.

कमरेवरच्या त्या उभ्या टोकांना सर्जन ‘डॉग इअर’ म्हणतात. ती का येतात, हे घरी करून बघा. जुन्या चादरीतून डोळ्याच्या आकाराचा तुकडा कापा आणि दोन्ही कडा जोडून शिवा. मधे कापड सपाट बसेल, दोन्ही टोकांना चोच उभी राहील. तुकडा जितका आखूड आणि रुंद, चोच तितकी मोठी. ती घालवायची तर बहुतेक वेळा काप लांबवावा लागतो. बारीक चोच कधीकधी महिन्यांत आपोआप बसते. उरली तर बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून ती काढतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. वण मात्र बोटभर लांबतो. आणि त्या बोटभर कापात पोती आणि माती, मोडतोड, लाली, सगळं पहिल्यापासून सुरू होतं. त्याचा निकाल पाहायलाही पुन्हा वर्ष लागतं.