दुसऱ्या देशाच्या सरकारला कायद्याने जाब विचारता येतो का? अमेरिकेचा १९८६ चा वर्णभेदविरोधी कायदा

आजचा प्रश्न वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. एका देशाच्या संसदेने दुसऱ्या देशाच्या सरकारला मानवी हक्कांबद्दल जाब विचारणारा कायदा करायचा, म्हणजे नेमकं करायचं काय? आपल्या ग्रामपंचायतीने शेजारच्या गावावर घरपट्टी बसवावी, तसंच हे झालं की! ती पट्टी भरणार कोण?

हे समजून घ्यायला आपण एकच उदाहरण घेऊ. अमेरिकेचा १९८६ चा सर्वंकष वर्णभेदविरोधी कायदा.

आधी थोडी पार्श्वभूमी. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली दोन कायदे झाले. एकाने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली, आणि दुसऱ्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे ठरवलं. काळ्या लोकांना सतत पासबुक जवळ बाळगावं लागे. ते नसलं तर अटक. आता बघा, १९७० मध्ये अमेरिकेतल्या पोलरॉईड कंपनीच्या काही काळ्या कामगारांच्या लक्षात आलं की, या पासबुकांवरचे फोटो काढायला आपल्याच कंपनीचं तंत्र वापरलं जातंय. त्यांनी आंदोलन सुरू केलं. म्हणजे दूरच्या देशातल्या अन्यायाचा एक धागा थेट त्यांच्या कारखान्यापर्यंत आलेला होता.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेचा कायदा प्रिटोरियाच्या सरकारला हुकूम देऊ शकत नाही. पण अमेरिकी बँकेने कर्ज कोणाला द्यावं, अमेरिकी कंपनीने पैसा कुठे गुंतवावा, अमेरिकी बंदरात कोणता माल उतरावा, हे तो नक्की सांगू शकतो. कायदा लागू होतो आपल्याच माणसांना, आणि त्याची झळ लागते पलीकडे.

रॉन डेलम्स या खासदारांनी अशा कायद्याचा पहिला प्रस्ताव १९७२ मध्ये मांडला. तो प्रत्यक्षात यायला चौदा वर्षं गेली. राष्ट्राध्यक्ष रीगन यांचं धोरण होतं की, संबंध तोडू नयेत, गोडीगुलाबीने बदल घडवावा. पण जून १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत देशभर आणीबाणी लागली, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि धीराचा सल्ला लोकांना पटेनासा झाला. काँग्रेसने विधेयक मंजूर केलं. रीगन यांनी नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहात ३१३ विरुद्ध ८३, आणि २ ऑक्टोबर १९८६ रोजी सिनेटमध्ये ७८ विरुद्ध २१. या ७८ मध्ये ३१ सिनेटर रीगन यांच्याच पक्षाचे होते!

कायद्यात होतं काय? नवीन गुंतवणूक बंद. सरकारला कर्ज बंद. कोळसा, युरेनियम, पोलाद, कापड, शेतमाल यांची आयात बंद. दक्षिण आफ्रिकी विमानांना उतरायला मनाई. पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. निर्बंध केव्हा उठतील हे कायद्यातच लिहिलेलं होतं. मंडेला आणि इतर राजकीय कैद्यांची सुटका, आणीबाणी मागे घेणं, पक्षांवरची बंदी उठवणं, ते दोन १९५० चे कायदे रद्द करणं, आणि काळ्या नेतृत्वाशी प्रामाणिक वाटाघाटी. नुसती शिक्षा सुनावून भागत नाही. समोरच्याला बाहेर पडायची वाटही दिसावी लागते.

बरं, पळवाटा होत्या का? होत्या. ज्या खनिजांवाचून अमेरिकेचं अडलं असतं, ती सामरिक खनिजं बंदीतून वगळली होती. जनरल मोटर्सने तिथला व्यवसाय विकला, तर डेल्टा या नव्या नावाने त्याच कारखान्यात गाड्या बनतच राहिल्या.

आणि खरा अवघड प्रश्न. याची किंमत कोणी मोजली? खाण किंवा गिरणी बंद पडली की आधी घरी बसतो तो काळा मजूर. वर्णभेदाविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या खासदार हेलन सुझमन यांचा निर्बंधांना विरोध होता, तो याच कारणाने. उलट आर्चबिशप डेझमंड टूटू निर्बंध मागत होते. हा आक्षेप खोटा नाही. पण ज्यांना झळ बसणार होती त्यांच्यातल्याच अनेक संघटना आणि कामगार नेते ती सोसायला तयार होते, हेही विसरता येत नाही.

मग वर्णभेद या कायद्याने संपला का? एकट्या कायद्याने नाही. देशातलं जनआंदोलन, १९८५ चं कर्जसंकट, अंगोलातलं खर्चिक युद्ध, शीतयुद्धाचा शेवट, सगळं एकत्र आलं. जाता जाता सांगतो, भारताने तर १९४६ मध्येच, स्वातंत्र्याच्याही आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. तेव्हा राजवट हलली नाही, कारण बडे ग्राहक आणि सावकार तिच्या बाजूला होते. १९८६ मध्ये तेच मागे सरू लागले, हा फरक.

फेब्रुवारी १९९० मध्ये मंडेला सुटले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर भाषण केलं आणि निर्बंध इतक्यात उठवू नका असं सांगितलं. तरी जुलै १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी अटी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. राजकीय कैदी अजून तुरुंगात आहेत, असं आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणत होती. उरलेले निर्बंध उठवा, असं मंडेलांनी स्वतः सांगितलं ते सप्टेंबर १९९३ मध्ये, निवडणुकीचा मार्ग मोकळा झाल्यावर.

या दोन तारखांमधलं अंतर लक्षात ठेवा. असा कायदा कुठल्याही देशाचा वाचायला घेतलात, तर तीन गोष्टी शोधा. तो कोणाचे हात बांधतो, कोणाला सूट देतो, आणि पुरे झालं हे ठरवायचा अधिकार कोणाकडे ठेवतो. तो अधिकार ज्यांनी सोसलं त्यांच्याकडे क्वचितच असतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.